पत्रावर काय लिहिलंय?

शनिवारी हिंजवडीत असणं म्हणजे शिक्षाच. फायदा एकच, रस्ता मोकळा मिळतो. परवा रिलीज होतं म्हणून सकाळी निघालो आणि वाकडच्या पुलावरून दहा मिनिटांत फेज टूला पोचलो. स्वतःचाच हेवा वाटला :)

बिल्ड चालू करून टपरीवर आलो तर आमच्या गेटवरचे सिक्युरिटी सुपरवायझर काका आधीच चहा घेत उभे. सातारकडचे, महार रेजिमेंटमधून हवालदार म्हणून रिटायर झालेले. मी नुकताच ऑनसाइटहून आलोय आणि भेटेल त्याला एकच रडगाणं ऐकवतोय, ते त्यांनाही ऐकवलं. आम्ही दोघं गेलो, एकाच टेबलावर बसून एकच काम केलं. त्याच्या पत्रावर 'डेप्युटेशन' होतं, माझ्या पत्रावर 'ट्रेनिंग'. त्यामुळे त्याचा भत्ता माझ्यापेक्षा रोज पंधरा युरो जास्त. हा काय न्याय झाला?

काका म्हणाले, "साहेब, नावावरच असतं सगळं. मी पण ऑनसाइट जाऊन आलोय. जाफन्याला. आमच्या पत्रावर 'शांतिसेना' होतं."

यावर काय बोलायचं ते मला सुचेना.

माझ्या वयाच्या लोकांना हा प्रकार फारसा माहीत नसतो, म्हणून थोडक्यात. 29 जुलै 1987 ला राजीव गांधी आणि जयवर्धने यांनी कोलंबोत करार केला आणि भारतीय शांतिसेना श्रीलंकेत उतरली. काम काय, तर बंडखोरांची शस्त्रं जमा करून शांतता राखणं. ऑक्टोबरात एलटीटीईशीच लढाई जुंपली. मार्च 1990 मध्ये शेवटची तुकडी परतली तोवर आपले अकराशेहून जास्त जवान गेले होते. मद्रासला त्यांच्या स्वागताला जायला मुख्यमंत्री करुणानिधींनी नकार दिला.

काका सांगत होते, "आईला लिहिलं होतं, शांतता राखायला चाललोय, काळजी करू नको. तिनं गावभर सांगितलं. परत आलो तर एसटीत शेजारचा विचारतो, तिकडं काय लढाई होती व्हय?"

घरी येऊन वाचत बसलो. युनोच्या मोहिमेत सैनिक पाठवला की युनो त्याच्या सरकारला दरमहा ठरावीक रक्कम देते, सगळ्या देशांना एकाच दराने. 2018 साली हा दर 1,428 डॉलर ठरला. आपल्या भाषेत बिलिंग रेट :) सैनिकाच्या हातात किती पडायचे ते त्याचं सरकार ठरवतं. साधारण 90 दिवस काढले की युनोचं पदक, शिपायाला आणि अधिकाऱ्याला एकच. पण आपली शांतिसेना युनोची नव्हतीच. त्यामुळे ते पदकही नाही आणि तो रेटही नाही.

शौर्यपदकांचंही तसंच. शत्रूसमोर गाजवलेल्या सर्वोच्च शौर्याला परमवीर चक्र, शत्रूसमोर नसेल तर अशोक चक्र. 2017 साली ठरलेल्या दरांनुसार पहिल्याला महिना 20,000 रुपये भत्ता, दुसऱ्याला 12,000. म्हणजे समोरच्याला सरकार 'शत्रू' म्हणतं की नाही, यावर आठ हजारांचा फरक. गोळी तीच असते हो!

आता सरकारची बाजू. लाखो माणसांचे पगार करायचे तर वर्ग पाडावेच लागतात, प्रत्येक गोळीचा हिशोब कोण ठेवणार? मान्य. पण वर्ग निघताना पत्रावर काय लिहिलं होतं त्यावरून का ठरावा? तिथे प्रत्यक्षात काय झालं त्यावरून ठरवावा की. आणि हे अशक्य नाही. मेजर रामस्वामी परमेश्वरन मुंबईत जन्मले, एसआयईएस कॉलेजात शिकले, काकांच्याच महार रेजिमेंटच्या 8 व्या बटालियनमध्ये होते. 25 नोव्हेंबर 1987 ला जाफन्याजवळ छातीत गोळी लागलेली असताना त्यांनी मारेकऱ्याचीच रायफल हिसकावून त्याला टिपलं. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. फौजेचं नाव शांतिसेना होतं, तरी पदक युद्धातलं दिलं. त्या वेळी सरकारने नाव बाजूला ठेवून घडलं ते पाहिलं.

स्मारकांच्या बाबतीत मात्र उशीरच झाला. कोलंबोजवळच्या शांतिसेनेच्या स्मारकावर आपले पंतप्रधान 2015 साली जाऊन आले. दिल्लीतलं राष्ट्रीय युद्ध स्मारक, ज्यावर या जवानांचीही नावं आहेत, ते उघडलं 2019 मध्ये. ज्या देशातून आपण अपमानित होऊन निघालो, तिथे ही नावं आपल्या राजधानीच्या आधी दगडावर कोरली गेली.

निघताना काकांना विचारलं, "कारगिलवाल्यांच्या घरच्यांना पेट्रोल पंप मिळाले, त्याचा राग नाही येत?"

"त्यांचा कशाला राग? त्यांना मिळालं ते बरोबरच मिळालं. आमच्यातला जो गेला त्याच्या बायकोला पण मिळायला पाहिजे होतं, एवढंच म्हणणं."

माझा पंधरा युरोंचा मेल अजून ड्राफ्टमध्ये पडून आहे. पाठवणार आहे, कारण चूक ती चूकच. फक्त आता त्यात दुसऱ्याचा भत्ता कमी करा असं कुठेही लिहिलेलं नाही. आधी होतं.

असो. बिल्ड पास झालं, दुपारी दोनला.