गोठणारा पाऊस

हवामानाचा अंदाज सांगणाऱ्याची थट्टा करणे हा मनुष्याचा जुना छंद आहे. छत्री घेऊन कोरडा परतलेला गृहस्थ आणि छत्री घरी ठेवून चिंब भिजलेला गृहस्थ हे दोघेही वेधशाळेलाच दोष देतात. अंदाज खरा ठरला, तर त्याची आठवण कोणी ठेवीत नाही. चुकला, तर तो कोणी विसरत नाही. परंतु जगात असे काही प्रदेश आहेत, की जेथे एका अंशाच्या फरकाने साध्या पावसाचे रूपांतर मोठ्या आपत्तीत होते. तेथे अंदाज हा थट्टेचा विषय राहत नाही. कॅनडा देशातील सेंट लॉरेन्स नदीचे खोरे हा असाच एक प्रदेश होय.

माँट्रियल हे प्रसिद्ध शहर याच नदीच्या पात्रातील एका बेटावर वसलेले आहे. हिवाळ्यात तेथे हिम पडते, याचे तेथील लोकांना काहीच नवल वाटत नाही. भुसभुशीत हिम फावड्याने दूर सारता येते. मुले तर त्याची वाटच पाहत असतात. त्यांना धास्ती असते ती एका निराळ्याच पाहुण्याची, गोठणाऱ्या पावसाची. महाराष्ट्रातील मुलांना गारा परिचित आहेत. गार ढगातच टणक होते, पत्र्यावर ताडताड वाजते, अंगणात उड्या मारते आणि थोड्याच वेळात विरघळून जाते. गोठणारा पाऊस येतो तो मात्र निमूटपणे, पाण्याच्याच रूपाने. पण फांदी, तार, पायरी, रस्ता अशा ज्या ज्या वस्तूला तो स्पर्श करतो, तिच्यावर त्याचे तत्काळ बर्फ होते. थेंबामागून थेंब पडत राहतो, आणि प्रत्येक वस्तूभोवती काचेसारखे पारदर्शक कवच चढत जाते. ढग सरून ऊन पडले, की सारे रान झुंबरासारखे लखलखू लागते. ते दृश्य अतिशय सुंदर असते. मात्र त्या सौंदर्याचे ओझे झाडांना पेलवत नाही.

पाणी खाली येईपर्यंत पाणीच राहते आणि टेकताच गोठते, हे कसे घडते? त्यासाठी आकाशात एक तीन मजली इमारत आहे अशी कल्पना करावी. वरच्या मजल्यावर कडाक्याची थंडी असते. तेथे हिमाचे पिसासारखे कण तयार होऊन खाली उतरू लागतात. मधल्या मजल्यावर दक्षिणेकडील समुद्रावरून आलेली उबदार, दमट हवा असते. तेथे हे कण वितळून पाणी होतात. सर्वांत खालचा मजला पुन्हा थंड असतो. थंड हवा जड असल्यामुळे ती दरीत साचून राहते आणि उबदार हवा तिच्या पाठीवरून सरकत जाते. पाण्याचे थेंब हा खालचा मजला इतक्या झटकन ओलांडतात, की त्यांचे तापमान शून्य अंशाखाली गेले, तरी गोठायला त्यांना सवड मिळत नाही. अशा पाण्याला अतिशीत पाणी म्हणतात. ते कोठे टेकण्याचाच काय तो अवकाश असतो.

आता या इमारतीत जरासा फेरबदल केला, तर काय होईल? खालचा मजला पुरेसा उंच असला, तर थेंब वाटेतच गोठतील आणि बर्फाच्या बारीक गोळ्या पडतील. तो मजला नसलाच, तर साधा पाऊस पडेल. मधला मजला फारच पातळ असला, तर हिम वितळणारच नाही. म्हणजे हिम, बर्फाच्या गोळ्या, गोठणारा पाऊस की साधा पाऊस, हे ठरते ते तापमानाच्या एकदोन अंशांवर आणि हवेच्या थराच्या काहीशे मीटर जाडीवर! वादळ येणार, हे सांगणे तितकेसे कठीण नाही. ते कोणत्या रूपाने येणार, हे सांगणे महाकठीण.

म्हणून शास्त्रज्ञ या इमारतीचे मजले सतत मोजीत असतात. जगातील शेकडो ठिकाणांहून दिवसातून दोनदा, सर्वत्र एकाच ठराविक वेळी, वायूने भरलेले मोठे फुगे आकाशात सोडले जातात. फुग्याखाली एक लहानसे यंत्र टांगलेले असते. फुगा वर चढत असताना ते हवेचे तापमान, आर्द्रता आणि दाब मोजते व नभोवाणीच्या लहरींवरून ती माहिती खाली धाडते. सुमारे तीस किलोमीटर उंची गाठल्यावर फुगा फुटतो. याशिवाय उपग्रह, रडार आणि विमाने यांचीही साक्ष घेतली जाते. तरीही दोन केंद्रांमध्ये शेकडो किलोमीटरचे अंतर असते आणि दोन उड्डाणांमध्ये बारा तास जातात. तेवढ्या अवधीत थंड हवेचा एखादा पातळ थर कोठल्या कोठे सरकलेला असू शकतो.

मिळालेल्या मापांवरून पुढचे हवामान गणिताने काढता येईल, असे लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९२२ साली एका ग्रंथात मांडले. पहिल्या महायुद्धाच्या काळात जखमी सैनिकांची वाहतूक करीत असताना, सवड काढून त्याने अवघ्या सहा तासांच्या हवामानाचे गणित हातांनी करून पाहिले होते. उत्तर आले ते वस्तुस्थितीपासून कोसो दूर. परंतु आपले चुकलेले उत्तर त्याने लपविले नाही; ते त्याने त्याच ग्रंथात छापले. वाऱ्याच्या वेगाशी बरोबरी करायची, तर ६४,००० माणसांना एकत्र बसवून आकडेमोड करावी लागेल, असा त्याचा हिशेब होता. आज ते काम संगणक करतात. रिचर्डसनचा मार्ग बरोबर होता. साधने मात्र अपुरी होती.

पुढे १९६१ साली अमेरिकेतील एडवर्ड लोरेन्झ या शास्त्रज्ञाला एक विलक्षण गोष्ट आढळली. संगणकावरचे एक जुने गणित पुन्हा करताना त्याने ०.५०६१२७ या आकड्याऐवजी ०.५०६ एवढेच लिहिले. फरक नगण्य होता. पण काही वेळाने दोन्ही उत्तरांचा परस्परांशी काही संबंधच उरला नाही. आरंभीची तिळाएवढी चूक वाढत वाढत डोंगराएवढी झाली होती. हवेची मापे तर कधीच पूर्णपणे अचूक असणार नाहीत. यावर शास्त्रज्ञांनी एक युक्ती योजिली. आरंभीच्या आकड्यांत थोडाथोडा फरक करून ते एकच गणित अनेकदा करतात. समजा, पन्नासपैकी पस्तीस उत्तरांत गोठणारा पाऊस आला, तर त्याची शक्यता शेकडा सत्तर आहे असे ते म्हणतात. काहींना हे उत्तर गुळमुळीत वाटते. वस्तुतः आपल्याला किती कळले आहे आणि किती कळलेले नाही, याचा तो प्रामाणिक हिशेब असतो.

वादळ जवळ येते, तसतसा अंदाज पक्का होत जातो. पाच दिवस आधी केवळ संभव दिसतो. दोन दिवस आधी वादळाची वाट कळते. काही तास आधी पावसाचे रूप ओळखता येते. परंतु अंदाज जसा पक्का होत जातो, तसा तयारीचा वेळ कमी होत जातो. खरा पेच आहे तो येथेच. खात्री होईपर्यंत थांबावे, तर रस्त्यांवर मीठ टाकायला, शाळांना सुटी द्यायला, रुग्णालयांची सोय पाहायला सवड उरत नाही. लवकर बोलावे, तर बोलणे फुकट जाण्याची भीती असते.

या पेचाचे गांभीर्य १९९८ सालच्या जानेवारीत दिसून आले. गोठणाऱ्या पावसाचे इशारे त्या भागात नवीन नव्हते. माँट्रियल आणि ओटावा येथे वर्षातून सरासरी बारा ते सतरा दिवस असा पाऊस पडतो. पण एरवी तो काही तासांत आटोपतो. या खेपेला तो हटेना. ईशान्येकडून थंड हवा खोऱ्यात येत राहिली, तिच्यावरून मेक्सिकोच्या आखाताकडील दमट हवा वाहत राहिली, आणि ५ ते १० जानेवारी या काळात सरींमागून सरी येत राहिल्या. माँट्रियलला सुमारे १०० मिलिमीटर, ओटावाला ८५, तर कॉर्नवॉल गावी १०८ मिलिमीटर वृष्टी झाली. पूर्वीच्या, १९६१ व १९८६ सालच्या मोठ्या वादळांत ३० ते ४० मिलिमीटर बर्फ साचले होते. यावरून या वादळाची कल्पना यावी.

बर्फाच्या भाराने विजेचे सुमारे एक हजार पोलादी मनोरे कोलमडले. लाकडी खांब तर हजारोंनी मोडले. चाळीस लाखांहून अधिक लोक ऐन हिवाळ्यात अंधारात आणि थंडीत सापडले. काहींच्या घरी दिवा लागायला महिन्याहून अधिक काळ लागला. लोकांच्या साह्यासाठी हजारो सैनिक धावले. बुशेरव्हिल या गावी आगगाडीचे डिझेल इंजिन रुळांवरून उतरवून चक्क रस्त्यावरून चालवीत नेले आणि त्याच्या विजेवर नगरपालिकेची इमारत सुरू ठेवली. ज्या घरात लाकडाची शेगडी आणि सरपण होते, ते घर शेजाऱ्यापाजाऱ्यांचे आश्रयस्थान बनले. तथापि पंचवीसहून अधिक माणसे दगावली. त्यांतील काहींचा जीव थंडीने नव्हे, तर बंद जागेत ऊब किंवा वीज निर्माण करताना कोंडलेल्या विषारी वायूने घेतला. त्या प्रांताचे वैभव असलेले मेपल वृक्षही मोडून पडले. त्यांच्या गोड रसावर अनेक शेतकऱ्यांचा चरितार्थ चालत असे.

मग इशाऱ्याचा उपयोग काय झाला, असे कोणी विचारील. इशारा पाऊस थांबवू शकत नाही; तो फक्त माणसाला थोडा वेळ मिळवून देतो. त्या वेळाचे काय करावे, हे ऐकणाऱ्याने ठरवायचे असते. ‘लांडगा आला रे आला’ असे ओरडणाऱ्या मुलाची गोष्ट सर्वांनी ऐकली आहे. पण तो मुलगा खोटे बोलत होता. लांडगा येण्याचा संभव दहांत सात आहे, असे जो सांगतो, तो लांडगा न आल्यामुळे लबाड ठरत नाही. दहांपैकी तीन वेळा लांडगा येणार नाही, हे त्याने आधीच सांगितलेले असते. तयारी व्यर्थ गेली, तर चार घटकांचे श्रम वाया जातात. तयारी नसताना संकट आले, तर काय जाते, हे त्या खोऱ्यातील लोकांना विचारावे.

त्या वादळानंतर विजेचे मनोरे अधिक मजबूत करण्यात आले. एक पडला तर त्यामागून सगळी रांग कोसळू नये, अशी योजना झाली. तारांवरील बर्फ वितळविण्याची यंत्रणाही एका ठिकाणी उभारली गेली. पुढचे तसे वादळ कोणत्या वर्षी येईल, हे आजही कोणी सांगू शकत नाही. पण दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी, ते फुगे जगभर आकाशात चढतच असतात. आणि कोठेतरी कोणी दक्ष माणूस त्यांनी धाडलेले आकडे पाहून खालच्या थंड थराची जाडी मोजीत बसलेला असतो.