मागची सीट

अम्मी गाडीत बसायचं टाळते आहे, हे लक्षात यायला आम्हांला सहा-सात महिने लागले. म्हसळ्याला खालाकडे जायचं म्हटलं की, "तुम्ही जाऊन या, मी घरी तिलावत करते." लग्नाला निघायचं म्हटलं की गुडघे. सत्तरीनंतर माणसाला घर सोडवत नाही, अशी आम्ही आपसांत समजूत घालून घेतली होती. खरं कारण मुलीनं सांगितलं. दादी फोनवर खालाला म्हणत होती, "गाडीत बसलं की कमरेत कुणी कुदळ घालतंय असं वाटतं. पोरांना कसं सांगू? त्यांनी माझ्यासाठीच गाडीचं काम करून घेतलंय."

तिच्यासाठीच करून घेतलं होतं, हे खरं.

आमची वॅगन-आर 2008 ची आहे. जुनीच घेतली, भिशीच्या पैशातून. नवी घेतली असती तर व्याजाचं कर्ज काढावं लागलं असतं आणि ते आम्हांला नको होतं. रोज दोन शाळा, मुलांच्या शिकवण्या, बाजार, सगळं हिच्यावरच. त्यात आमचं महाड मुंबई-गोवा हायवेवर. त्या रस्त्याचं चौपदरीकरण 2011 साली सुरू झालं, तेव्हापासून कुठं डायव्हर्जन, कुठं खड्डे, हे इथल्या वाचकांना सांगायला नको. पाच माणसं बसली की गाडी मागून खाली बसायची आणि स्पीडब्रेकरला पोट घासायचं. अम्मी दरवेळी दचकायची. म्हणून ॲक्सेसरीजच्या दुकानात जाऊन मागच्या स्प्रिंगांमध्ये रबरी बफर बसवून घेतले. अर्ध्या तासाचं काम. गाडी वर उचलली गेली, घासणं थांबलं. आम्ही खूश झालो.

फोनची गोष्ट कळल्यावर दुसऱ्याच दिवशी गाडी ओळखीच्या मेकॅनिककडे नेली. त्यांनी आधी काही खोललं नाही. एकेका कोपऱ्यावर हातानं जोर देऊन गाडी दाबली आणि सोडून दिली. शॉकॲब्सॉर्बर ठीक असेल तर गाडी वर येऊन जवळजवळ तिथंच थांबते. आमची मागची बाजू तीन-चार वेळा डुलली. खाली वाकून दाखवलं, तर शॉकॲब्सॉर्बरवर तेल ओघळून त्यावर धुळीचा थर बसलेला. टायरवरून हात फिरवायला सांगितलं. रबर एकसारखं झिजलेलं नव्हतं, ठिकठिकाणी खोलगट झालं होतं. चाक रस्त्यावर टिकून न राहता उड्या मारत चालतं, तेव्हा असं होतं. म्हणजे पावसात घाट उतरताना ब्रेक दाबला, तर टायरची पकड अर्धवट. हे ऐकून आमच्या पोटात गोळा आला.

मग ते म्हणाले, "सर, मॅडम, तुम्ही दोघं मागं बसा. मी चालवतो."

आम्ही दोघं या गाडीत मागं कधी बसलोच नव्हतो. एक चालवणार, दुसरा शेजारी. पहिल्याच खड्ड्याला खालून असा दणका आला की दातांवर दात आपटले. दुसऱ्या स्पीडब्रेकरला आम्ही हातानंच थांबायची खूण केली. अम्मीनं या सीटवर बसून आमच्याबरोबर किती प्रवास केले असतील, ते मोजायची हिंमत झाली नाही.

मेकॅनिकनी समजावलं ते असं. गाडीचं वजन स्प्रिंग उचलते. पण दाबलेली स्प्रिंग उसळी मारते आणि ती उसळी जिरवायचं काम शॉकॲब्सॉर्बरमधलं तेल करतं. बफर स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये अडकून बसतो, तेवढा भाग दबतच नाही. स्प्रिंग कडक होते, तिची उसळी वाढते. आणि आमच्याकडे उसळी जिरवणारा आधीच संपलेला! मूळ दुखणं खचलेल्या स्प्रिंगचं आणि मेलेल्या शॉकॲब्सॉर्बरचं. आम्ही त्यावर रबर ठोकून मोकळे झालो होतो.

घरी धाकट्यानं वेगळाच बेत मांडला. रुंद टायर, कडक स्पोर्ट्स स्प्रिंग, "गाडी वळणावर चिकटून जाते." त्यानं मोबाईलवर पाहिलेलं सगळं मेकॅनिकपुढं ठेवलं. त्यांनी हसून विचारलं, "रेसला जायचंय की दादीला न्यायचंय?" जास्त कडक स्प्रिंगला तिला साजेसा शॉकॲब्सॉर्बर हवा, नाहीतर पुन्हा तीच उसळी, हेही सांगितलं. सुधारणा एकच करायची ठरली. पुढं-मागं गॅस भरलेले शॉकॲब्सॉर्बर घालायचे. त्यात तेलाबरोबर नायट्रोजनचा दाब असतो, त्यामुळं सलग खड्ड्यांच्या रस्त्यावर तेलाला फेस येऊन ते निकामी होत नाही. बाकी सगळं कंपनीच्या मापाचं. मागच्या स्प्रिंग नव्या, पुढचे वरचे माउंटिंग, लोअर आर्मचे बुश. शॉकॲब्सॉर्बर आणि स्प्रिंग नेहमी जोडीनं बदलायची, एका बाजूची नवी आणि एका बाजूची जुनी ठेवायची नाही.

काम चालू असताना आम्ही तिथंच बसून होतो. शिक्षकांची खोड, दुसऱ्याचं काम निरखायचं. पुढची स्प्रिंग कंप्रेसरनं आवळून काढताना त्यांनी धाकट्याला चार हात लांब उभं केलं. आवळलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जिवानिशी जातो, हे घरी करायचं काम नव्हे. आणखी एक गोष्ट आम्हांला फार आवडली. लोअर आर्मचे बोल्ट त्यांनी चाकं लटकत असताना नुसते बसवले आणि गाडी जमिनीवर टेकल्यावर, तिचं वजन चाकांवर आल्यानंतर पक्के आवळले. लटकत्या गाडीत आवळले की बुश पिळलेल्या अवस्थेत अडकतो आणि लवकर फाटतो. घाई करणारा हे करत नाही. शेवटी अलाइनमेंट, आणि टायरमध्ये दारालगतच्या पट्टीवर लिहिलेली तेवढीच हवा. आम्ही मायलेजच्या हावेपोटी कितीतरी जास्त भरत होतो. तेही अम्मीच्याच कमरेवर.

सगळे मिळून 15 हजारांच्या आत झालं. बफर त्यांनी पिशवीत घालून परत दिले. आम्ही ते अजून टाकलेले नाहीत.

अम्मीला फोनचं ऐकलं म्हणून सांगितलं नाही. बासी ईदला सकाळी फक्त एवढंच म्हणालो, "म्हसळ्याला जातोय, गाडीचं काम केलंय, बसून तर बघ." तिनं आमच्याकडे बघितलं, मग मुलीकडे. मुलगी खिडकीबाहेर बघत होती. अम्मी उशी घेऊन मागं बसली, सफरची दुआ पुटपुटली. आमच्यापैकी एक जण तिच्या शेजारी बसला. आता हा नियमच केला आहे.

लोणेऱ्यापर्यंत ती सीटची कड धरून होती. गोरेगाव सोडल्यावर रस्ता अरुंद झाला, वळणं लागली, खड्डे यायचे ते आलेच. गाडी खाली जायची, वर यायची आणि थांबायची. गाडी जुनी आहे, आवाज आहेत, गालिच्यावरून चालल्यासारखं काही झालं नाही. अम्मीची कंबरही दुखतेच. डॉक्टरांचा पट्टा अजून सुटलेला नाही. पण म्हसळ्याच्या अलीकडे आम्ही पाहिलं, तर तिनं सीटची कड सोडून तसबीह हातात घेतली होती.

खालाच्या घरी सांदण खाऊन निघायला संध्याकाळ झाली. खाला दारात तिचा हात धरून म्हणाली, "आता परत कधी येणार? पुढच्या वर्षी?"

अम्मीनं आमच्याकडे न बघताच सांगून टाकलं, "बकरी ईदला."