‘जुगाड’ म्हणू नका

मारुती ओम्नी 2019 साली बंद झाली. आमची त्याहून बरीच जुनी. पुस्तकांचे गठ्ठे घेऊन वस्त्यावस्त्यांत जाणारी ती एकच गाडी आमच्याकडे आहे. पुढच्या लोअर आर्मचे बुश फाटले, तेव्हा सुट्या भागांचा दुकानदार म्हणाला, “हा पार्ट आता येत नाही. गाडी काढून टाका.” नव्या गाडीचा हप्ता कोण भरणार, ते काही त्याने सांगितलं नाही!

बुश म्हणजे तरी काय? दोन लोखंडी नळ्या आणि मध्ये रबर. लेथवाल्या चाचांनी व्हर्नियरने बाहेरचा व्यास, आतलं भोक आणि लांबी मोजली. दुसऱ्याच गाडीचे बुश शोधले, आतली नळी थोडी लांब होती ती लेथवर उतरवली, प्रेसवर बसवले. नायलॉनचे करायला त्यांनीच नकार दिला: “प्रत्येक खड्डा हाताला लागेल.”

मित्रांनो, याला लोक जुगाड म्हणतात. हेच डिग्रीवाल्याने केलं की इंजिनिअरिंग! ही विभागणी आपल्याला नवी नाही.

आणि हो, बोल्ट गाडी जॅकवर असताना आवळू नका. चाकं जमिनीवर टेकवून, वजन पडल्यावरच आवळा. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. हेही चाचांनीच सांगितलं.