भिवंडीच्या आळीतली हिंद सायकल

भिवंडीचं नाव काढलं की लोकांना ठरावीक गोष्टी आठवतात. यंत्रमागांचा खडखडाट, नाक्यानाक्यावर अडकलेले ट्रक, आणि १९७० व १९८४ सालच्या दंगली. हल्ली त्यात गोदामांची भर पडली आहे. “तिथे बघण्यासारखं काय आहे गं?” असं मैत्रिणी मला विचारतात. माझं सासर तिथलं, म्हणून हक्काने सांगते, हे गाव बघायचं तर पायी नाहीतर सायकलवर बघावं. मोटारीतून भिवंडी दिसत नाही, पुढच्या ट्रकची मागची पाटी तेवढी दिसते.

कल्याणहून दुर्गाडीचा पूल ओलांडला की कोनगाव लागतं, मग राजनोली नाका, आणि तिथून रस्ता गावात शिरतो. जुन्या गावात कासार आळी, ब्राह्मण आळी अशा अरुंद आळ्या आहेत. निजामपुऱ्यात मुसलमानांची जुनी वस्ती. पद्मनगरात पद्मशाली विणकर राहतात, तिथे कानांवर तेलुगू पडतं. कामतघरच्या बाजूला वऱ्हाळदेवीचा तलाव आहे. संध्याकाळी तलावाच्या काठी उभं राहिलं की हे गिरणगावासारखं धुरकट गाव आहे, हे क्षणभर विसरायला होतं.

या गावाचा एक स्वभाव आहे. इथे यंत्र सहसा मोडीत निघत नाही. मुंबईच्या गिरण्यांनी टाकून दिलेले माग भिवंडीत आले आणि वर्षानुवर्षं कापड विणत राहिले. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा तिथलं कितीतरी काम इकडे वळलं. अशा जुन्या मागांना चालतं ठेवणारा माणूस म्हणजे जॉबर. माग अडला, धोटा उडायला लागला, की जॉबरला बोलावणं जाई. माझे मामंजी जॉबर होते. आणि त्यांची सायकल होती ‘हिंद’.

नव्या पिढीने हे नाव ऐकलेलंही नसेल. हिंद सायकलचा कारखाना मुंबईतच, वरळीला होता. १९८० साली संसदेने कायदा करून तो आणि आसनसोलची सेन-रॅले, अशा दोन्ही कंपन्या सरकारच्या मालकीच्या केल्या. तरी पुढे तो कारखाना टिकला नाही. सायकल मात्र टिकली! मामंजी गेले त्यानंतर ती माळ्याखालच्या अंधारात उभी होती. आळीतलं घर पाडून इमारत बांधायचं ठरलं तेव्हा सामानाची आवराआवर सुरू झाली. भंगारवाल्याने सायकल उचलून वजनाचा अंदाज घेतला आणि भाव सांगितला. सासूबाई म्हणाल्या, “ती नाही द्यायची.” एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या.

माझी धाकटी लेक पॉलिटेक्निकला आहे. तिने सायकल ताब्यात घेतली. “आजी, मी ही कारखान्यातून आली होती अगदी तश्शी करून दाखवते,” असं सांगून ती कामाला लागली. मला वाटलं होतं, दुकानात नेऊन ओव्हरऑइल करायचं, रंग मारायचा, झालं! पण जुन्या सायकलीचं तसं नसतं हो. तिचे भाग एकमेकांना धरून असतात.

आता ब्रेकचंच बघा. या सायकलींना तारेचे ब्रेक नसतात, सळयांचे असतात. मूठ दाबली की सळई वर ओढली जाते आणि ब्रेकचं रबर रिमच्या आतल्या अंगाला, तारांच्या बाजूने, टेकतं. म्हणून रिमही त्याच घडणीची लागते. नवीन पद्धतीची रिम बसवली तर ब्रेक टेकणार कुठे? चाक २८ इंची. पुढच्या चाकाला ३२ तारा आणि मागच्याला ४०, कारण भार सगळा मागे. दुकानदार ३६ भोकांचं हब पुढे करतो आणि म्हणतो, “ताई, हल्ली हेच मिळतं.” ते खरंही असतं, पण ४० भोकांच्या रिमला ते कसं बसायचं? इंग्लंडच्या रॅलेची तर आणखी तऱ्हा. पायडलचा दांडा जिथे फिरतो तिथल्या कपांना इतरांच्या एका इंचात २४ आटे, रॅलेच्या २६. दुसऱ्या कंपनीचा कप जोर करून बसवला तर आटेच मरतात.

त्यामुळे लेकीने रविवार घालवले ते पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोर बाजारात आणि भिवंडीतल्या भंगाराच्या वखारींत. निजामपुऱ्यातल्या एका वृद्ध कारागिराने तिला चाकाचा आऊट काढायला शिकवलं. चाचा म्हणत, “कानाने बघ, बेटी.” तारेवर टिचकी मारायची आणि आवाज ऐकायचा, सैल तार बद्द वाजते.

दोन महिन्यांनी बहुतेक भाग जमले. आणि तिथेच घरात वाद सुरू झाला.

मामंजींच्या सायकलचं कॅरियर कधीतरी तुटलं होतं. त्यांनी मागाची एक लोखंडी पट्टी कापून ते जोडलं होतं, कारण त्यावर हत्यारांची पेटी आणि धोटे न्यायचे असत. सीटचं चामडं फाटलं तेव्हा मागाच्या जाड चामडी पट्ट्याचा तुकडा खालून शिवला होता. लेकीने चोर बाजारातून त्या काळातलं धड कॅरियर मिळवून आणलं होतं. जुनी चामडी सीटही आणली होती. तिच्या हिशेबाने हे दोन भाग बदलले की सायकल पूर्ण होत होती.

सासूबाईंनी कॅरियरवरून हात फिरवला. जोडाच्या जागी बोट थांबलं. म्हणाल्या, “तुला तुझ्या आजोबांची सायकल करायचीय, की दुकानातली?”

लेक रुसली. तिचंही चूक नव्हतं. ज्या काळची वस्तू त्याच काळचे भाग, हा तिने घेतलेला वसा होता. मी तिला पुण्याला कर्वेनगरला घेऊन गेले. तिथे विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय आहे. दुसऱ्या महायुद्धात विमानातून उडी मारणाऱ्या सैनिकांसाठी बी.एस.ए. कंपनीने केलेली घडीची सायकल तिथे बघायला मिळते. जुन्या सायकलींच्या पुढच्या चक्रावरून कुळी कळते, हे तिने मला समजावलं. बी.एस.ए.च्या चक्रात कंपनीची अक्षरंच कापलेली असतात, रॅलेच्या चक्रात बगळ्याची डोकी. तिथे तसंच हवं, कारण सायकल कशी घडली हे दाखवणं हे संग्रहालयाचं काम. परतताना ती गाडीत बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “आई, आजोबांनी पट्टी लावली तीही त्याच काळातली ना?”

मग मायलेकींनी आणि आजीने मिळून एक नियम ठरवला. मामंजींनी स्वतःच्या हाताने जे केलं ते राहील. त्यांच्यानंतर कुणी घाईने जे लावलं, ते जाईल. प्लॅस्टिकची पायडलं गेली, चुकीच्या मापाच्या तारा गेल्या, मडगार्डवरचा निळा रंग उतरवला. कॅरियर आणि सीटचं ठिगळ राहिलं. वरळीच्या कारखान्याचा पितळी बिल्लाही पुढच्या नळीवर आहे तिथेच आहे.

तुमच्याही घरी अशी सायकल असेल तर काही गोष्टी लक्षात ठेवा. गंजलेल्या नटांवर रात्रभर घासलेट सोडून ठेवावं, लगेच हातोडी घेऊ नये. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, ते उजव्याच्या उलट दिशेने फिरवून काढावं. क्रँकची कॉटर पिन ठोकली की तिचं टोक फेंदारतं, ती व्हाइसमध्ये दाबून काढून घ्यावी. काळ्या रंगावर आणि सोनेरी रेघांवर घासणी मुळीच लावू नये, साबणाच्या पाण्याचं मऊ फडकं पुरतं. पितळी बिल्ल्यावर रंग नसेल तरच चिंचेचं पाणी लावावं, आणि लगेच धुऊन कोरडा करावा. चामड्याच्या सीटला तेलाने न्हाऊ घालू नये, चामडं सैल पडतं. थोडं मेण चोळावं. आणि काढलेला प्रत्येक भाग डब्यात घालून वर चिठ्ठी लावावी. पापडाचे रिकामे डबे याला फार सोयीचे!

भिवंडीत आता नवे, धोट्याशिवाय चालणारे माग येत आहेत आणि जुने माग किलोच्या भावाने विकले जात आहेत. ज्या गावात काही मोडीत निघत नसे, तिथे ही वेळ आली आहे. त्यामुळे कॅरियरवरची ती वीतभर पट्टी आम्हाला जास्तच मोलाची वाटते.

कधी वज्रेश्वरीला गेलात तर येता-जाता भिवंडीत अर्धा दिवस काढा. वज्रेश्वरी याच तालुक्यात आहे. १७३९ च्या वसईच्या विजयानंतर चिमाजी अप्पांनी तिथलं देऊळ बांधवलं. गावात मात्र सकाळी लवकर फिरा, ट्रक सुटायच्या आत.

माझी लेक अशीच एका सकाळी सायकल घेऊन पद्मनगरात गेली होती. चहाच्या टपरीवर बसलेल्या एका म्हाताऱ्या विणकराने तिला थांबवलं. बिल्ल्याकडे त्याने पाहिलंही नाही. कॅरियरवर हात ठेवून विचारलं, “पोरी, ही जॉबरसाहेबांची गाडी ना?”