स्थळप्रत

"रजिस्टर बंद झालं," खिडकीतली मुलगी म्हणाली.

मला वाटलं, मशीन बंद पडलं असेल. पोस्टात ते नवीन नाही. "मग उद्या येऊ?"

"उद्या नाही, कायमचंच. एक तारखेपासून सगळं स्पीड पोस्ट."

सप्टेंबर २०२५चा पहिला आठवडा. माझ्या हातात ३१२ पानांचं बाड, खाकी कागदात गुंडाळलेलं, वर सुतळीची चौकट. प्रकाशक जुन्या वळणाचे आहेत, ईमेलवर कादंबरी वाचत नाहीत. छापील प्रत पाठवा, रजिस्टरनं पाठवा, असं त्यांनी फोनवर सांगितलं होतं आणि मी ते आज्ञेसारखं धरून बसले होते. मुलीनं बाड काट्यावर ठेवलं. दीड किलोला थोडं कमी. सात वर्षांचं काम दीड किलोलाही कमी भरतं म्हटल्यावर, भाजीवाला वर चार मिरच्या टाकून काटा पुरा करतो तसं आपणही काहीतरी टाकावं असं वाटून गेलं.

"पोचल्याचा मेसेज येईल मोबाईलवर," ती म्हणाली.

मेसेज येणारच. पण मला ते पोचपावतीचं कार्ड हवं होतं. समोरच्या माणसाची कशीतरी ओढलेली सही, कधी शिक्का, कधी चहाचा ओघळ. माझ्याकडे अशा कार्डांची एक गड्डी आहे, रबर लावून ठेवलेली. माझं छापून आलेलं सगळं साहित्य एकत्र केलं तरी ती गड्डीच जाड भरेल.

मी लिहायला लागले तेव्हा मासिकांच्या आतल्या पानावर बारीक टायपात एक सूचना असायची. कागदाच्या एकाच बाजूस, सुवाच्य अक्षरात लिहावे. स्थळप्रत स्वतःजवळ ठेवावी. साहित्य परत हवे असल्यास स्वतःचा पत्ता लिहिलेले, पुरेशी तिकिटे लावलेले पाकीट सोबत जोडावे. 'स्थळप्रत' हा शब्द मला तेव्हापासून आवडतो. दुसरी प्रत गावोगाव फिरते आहे, धक्के खाते आहे, आणि ही आपली घरी, कपाटात, पाय पोटाशी घेऊन बसलेली.

त्या पाकिटाचा मात्र एक विचित्र परिणाम व्हायचा. कथा परत आली की ती माझ्याच अक्षरातल्या पाकिटातून यायची. दारात पोस्टमन, त्याच्या हातात माझं वळणदार अक्षर, मी निवडून लावलेली तिकिटं. जणू मीच लांबच्या कुठल्यातरी गावाहून स्वतःला कळवत होते की नको, जमलेलं नाही. आत अर्ध्या हाताची चिठ्ठी: साभार परत. किती सभ्य शब्द आहे! दोन घास खाऊन, ताट घासूनपुसून, वर साखर ठेवून शेजारणीनं परत करावं, तसा. आता कुणी साभार परत करत नाही. आता दोन निळ्या खुणा उमटतात आणि पुढं सगळं शांत.

माझ्या कॉलेजातल्या एका सरांकडे 'सत्यकथे'चं एक पत्र होतं. ते मासिक १९३३ साली निघालं आणि १९८२ साली बंद पडलं, तेव्हा मी तीन वर्षांची होते; म्हणजे तिथून नकार मिळवण्याचीही संधी मला नव्हती. त्याचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना लिहीत, कथा कुठं अडली ते सांगत, पुन्हा लिहायला लावत. सरांची कथा काही तिथं आली नाही. पण ते नाकारणारं पत्र त्यांनी लॅमिनेट करून घेतलं होतं. छापून आलेल्या चार कथांचे अंक माळ्यावर, आणि न आलेल्या कथेचं पत्र पुस्तकांच्या कपाटात, काचेमागं. १९६९ साली बंडखोर तरुण लेखकांनी 'सत्यकथे'च्या अंकाची होळी केली, ती बाजूही सर आवडीनं सांगत. आज कुणी एखाद्या वाङ्मयीन मासिकाची होळी करील का? तेवढा राग येण्याइतपत वाचायला तर हवं.

स्थळप्रतीसाठी मी आमच्या धनकवडीतल्या एका झेरॉक्सच्या दुकानात जायची. जिन्याखालची जागा, दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्यानं रस्त्यावर थांबायचं. दुकान चालवणारा पाटण तालुक्यातला, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान. मी हातानं लिहिलेली फुलस्केपची गड्डी त्याच्यापुढं ठेवायची. तो एकेक कागद काचेवर पालथा घालायचा, झाकण पाडायचा, हिरवा उजेड एका कडेनं दुसऱ्या कडेला सरकायचा. कागद बाहेर यायचे ते गरम. भाकरीसारखे, असं मी एका कथेत लिहिलं होतं आणि मग खोडलं. मला त्या उपमेचा कंटाळा आला आहे. मराठी कथेत जे जे गरम असतं ते सगळं भाकरीसारखंच का असावं?

त्याची एक सवय माझ्या लक्षात यायला वर्ष गेलं. झाकण पाडल्यावर मशीन काम करतं तेवढ्यात तो पुढचं पान हातात घेऊन उभा असायचा आणि त्याची नजर त्या पानावर फिरायची. मशीन जुनं, सावकाश चालणारं. अठरा पानांची कथा म्हणजे अठरा वेळा काही सेकंद. एवढ्यात माणूस किती वाचणार?

एका दुपारी पैसे घेता घेता तो म्हणाला, "ताई, एक विचारू का? ती तुमची बाई पाटणला उतरली आन् मग पुढच्या गाडीनं मल्हारपेठला गेली, आसं हाय न्हवं?"

मी चपापलेच. "हो. का?"

"मल्हारपेठ आदी लागतं. कराडहून येताना मल्हारपेठ, मग पाटण. पाटणच्या फुडं गेली तर कोयनानगरला जाईल की ती."

मी पाटणला कधी गेले नव्हते. नकाशा पाहिला होता, तोही बहुधा चुकीच्या टोकाकडून. पण चूक कबूल करायची सवय लेखकाला नसते, न छापलेल्या लेखकाला तर मुळीच नसते. मी म्हटलं, "अहो, ती कथा आहे."

त्यानं सुट्टे पैसे माझ्या हातावर ठेवले. "कथा हाय म्हणून यष्टी उलटी जाती व्हय?"

त्या रात्री मी त्याच्यावर मनातल्या मनात पुष्कळ चिडले. मग साडेदहाला उठून ते पान पुन्हा काढलं. बाई माहेरच्या गावाला निघाली आहे, गाव मल्हारपेठला उतरून पुढं. ती पाटणला उतरते, हे मी अज्ञानानं लिहून बसले होते. आता तिला पाटणला न्यायचं असेल तर तिनं मल्हारपेठ ओलांडायला हवं. स्टँड आलं, कंडक्टरनं नाव पुकारलं, आणि बाई उठली नाही. का उठली नाही? झोप लागली होती, असं आधी लिहिलं. मग ते खोडलं. जागीच होती. खिडकीतून तिला भाऊ सायकल धरून उभा दिसला आणि तिनं पदर तोंडावर ओढला. पाटणला उतरून ती दोन तास स्टँडच्या बाकावर बसून राहिली, मग उलट्या गाडीनं परत आली. कथा सोळा पानांची होती, बावीसची झाली.

चार दिवसांनी मी बावीस पानं घेऊन गेले. तो मुकाट्यानं झाकण उघडत-मिटत राहिला. स्टँडचं पान आलं तेव्हा ते त्यानं काचेवर ठेवलं आणि बटण दाबायचं विसरला. मागं दहावीच्या मुलांची रांग. एकजण म्हणाला, "काका, हॉलतिकीट!" तेव्हा हिरवा उजेड हलला. कथेबद्दल तो काही बोलला नाही. फक्त म्हणाला, "पाटणच्या स्टँडवर बाक आसतात, पर बसाया जागा मिळत न्हाई."

ती कथा तीन ठिकाणांहून माझ्याच अक्षरात परत आली. चौथ्या ठिकाणी दिवाळी अंकात लागली. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी लेखकाचं वर्ष आषाढात संपतं. त्यानंतर पाठवलेली कथा पुढच्या दिवाळीची. मानधन म्हणून अंकाच्या दोन प्रती आल्या. एक घेऊन दुकानात गेले तर तिथं मोबाईलची कव्हरं लटकत होती. जागेचं भाडं वाढलं म्हणून तो गावी गेला, की भावाकडं नवी मुंबईला, हे कुणी धड सांगू शकलं नाही.

आता मी पहाटे पावणेपाचला उठते. दूध सहाला येतं, तोवर कोरा चहा. साडेसहापर्यंत जे होईल ते माझं. नंतरचा दिवस इतरांच्या ऱ्हस्व-दीर्घाचा. मी मुद्रितं तपासते, पानाच्या हिशेबानं. गाइडं, आत्मचरित्रं, उद्योजकांची मनोगतं, आणि अधूनमधून कादंबऱ्या. कादंबरी वाईट असली की बरं वाटतं, आणि चांगली असली की जास्त बरं वाटतं पण उशिरानं. 'दृष्टीकोन'ची 'टी' ऱ्हस्व करताना लेखकाचा मत्सर वाटत नाही, अर्पणपत्रिकेपाशी वाटतो. श्रीलिपीतला मजकूर युनिकोडमध्ये आणला की रफार भलत्या डोक्यावर जाऊन बसतात, ते एकेक उचलून जागेवर ठेवायचे. माझी स्वतःची एक कथा मी एकदा घाईत तशीच ईमेलमध्ये चिकटवून पाठवली होती. संपादकांना मिळाली ती रोमन अक्षरांची आणि कंसांची रास. त्यांचं लगेच उत्तर आलं: प्रयोग चांगला आहे, पण आमच्या वाचकाला झेपणार नाही.

पैसे देऊन छापणारे पुष्कळ आहेत. एकांनी हिशेब मांडून दाखवला: आवृत्ती तीनशेची, त्यातल्या दोनशे प्रती तुम्ही विकत घ्यायच्या. उरलेल्या शंभर कुणासाठी, असं विचारल्यावर म्हणाले, वाचकांसाठी. माझ्या मैत्रिणीनं असं पुस्तक काढलं. दिवाणाखाली खोकी आहेत. पुतण्याच्या मुंजीत तिनं पळीपंचपात्रासोबत कथासंग्रह वाटला. मुखपृष्ठावर वाऱ्यावर केस उडणारी पाठमोरी बाई. ही बाई मी किमान चाळीस पुस्तकांवर पाहिली आहे, तिनं एकदा वळून बघावं अशी माझी फार इच्छा आहे.

कादंबरीची छापील प्रत मी पेन ड्राइव्हवरून काढली. मशीननं ३१२ पानं दहा-बारा मिनिटांत बाहेर फेकली. मुलगा कानात गाणी घालून फोन बघत होता. कोऱ्या पाठी वर, मजकूर खाली. कुणी एक ओळ वाचली नाही.

घरी येऊन मी पान २१४ पुन्हा लिहिलं आणि तेवढं एकच पान बदलून घेतलं. त्या पानावर वाईहून निघालेली एसटी आधी महाबळेश्वरला पोचते आणि तिथून पुढं पाचगणीला. मग बाडात सवयीनं स्वतःच्या पत्त्याचं एक पाकीट घातलं, तिकिटं लावून, आणि सुतळी आवळली.

बटवडा झाल्याचा मेसेज तिसऱ्या दिवशी आला. त्याला आता चार महिने झाले. माझ्याकडच्या स्थळप्रतीत पाचगणी जागेवर आहे. तिकडच्या प्रतीत ती गाडी अजून उलटीच जाते आहे.