पुलापलीकडचे कॉलेज



दहावी झाली की अकरावी-बारावी, आणि बारावी झाली की कॉलेजचे पहिले वर्ष. तुमच्यापैकी काहींना हे सारे फार दूर वाटत असेल. पण दिवस भराभर जातात. म्हणून त्या पहिल्या वर्षाविषयी मी आज तुमच्याशी थोडे बोलणार आहे. मी स्वतः तुमच्यासारखीच उर्दू शाळेत शिकले. मराठी हा माझाही शाळेतला एक विषय होता. आठवड्यातून ठरावीक तासांना उघडायचा आणि मिटून ठेवायचा.

मालेगाव हे नाशिक जिल्ह्यातले यंत्रमागांचे शहर. शहरातून मोसम नदी वाहते. नदीच्या पूर्वेला आमची वस्ती. तिथे घरात, गल्लीत, दुकानात, शाळेत उर्दू ऐकू येते. मोसम पूल ओलांडला की दुकानांच्या पाट्या बदलतात, लोकांचे बोलणे बदलते, भाजीवाली मावशी मराठीत भाव सांगते. अंतर म्हणाल तर थोडेसेच, रमतगमत चालत जाण्याजोगे. पण बारावीपर्यंत मी तो पूल दवाखान्यात जाताना नाहीतर ईदच्या खरेदीला जाताना ओलांडला होता, तोही अम्मीचा हात धरून.

२०१० साली जून महिन्यात मी तो एकटीने ओलांडला. म्हणजे अगदी एकटीने नव्हे. आम्ही तिघी होतो. आमच्या वर्गातल्या बहुतेक मुली घराजवळच्या कॉलेजात गेल्या. आम्ही तिघींनी पुलापलीकडच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला नाव घातले. माझे अब्बा यंत्रमागावर काम करत. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. फीचे पैसे त्यांनी मोजून माझ्या हातात दिले आणि म्हणाले, "बेटा, एक वर्ष जा. जमले तर ठीक. नाही जमले तर पुढचे बघू." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. पण एक वर्ष म्हणजे एकच वर्ष, हे मला समजले.

कॉलेज आणि शाळा यांत मोठा फरक कोणता, असे मला कोणी विचारले तर मी इमारतीबद्दल बोलणार नाही. शाळेत तुम्ही दोन दिवस आला नाहीत तर तुमची आपा निरोप पाठवते. कॉलेजात तुम्ही आठ दिवस दिसला नाहीत तरी कोणी हाक मारत नाही. सुरुवातीला हे फार बरे वाटते. गृहपाठ तपासायला कोणी नाही, घंटेमागे धावायला नको. एक तास सकाळी, मग दोन तास मोकळे, मग दुपारी प्रयोगशाळा. ते मधले दोन तास कुठे घालवायचे हे कोणीही सांगत नाही. माझे मत असे की कॉलेजातल्या मुलाचे पुढे काय होणार, हे वर्गातल्या तासांपेक्षा त्या मोकळ्या तासांत अधिक ठरते.

आमची खरी अडचण होती ती भाषेची. बारावीपर्यंतही विज्ञानाची पुस्तके इंग्रजीतच होती. पण आमचे सर इंग्रजी वाक्य वाचत आणि उर्दूत समजावून सांगत. इथे सर इंग्रजी वाक्य वाचत आणि मराठीत समजावून सांगत. पुस्तकांची भाषा तीच राहिली. ज्या भाषेचा हात धरून आम्ही चालत होतो, ती भाषा बदलली.

त्यातून गमतीही होत. पहिल्याच आठवड्यात आमच्यापैकी एकीला सरांनी प्रश्न विचारला. ती उभी राहिली. उत्तर आले नाही तेव्हा सर म्हणाले, "ठीक आहे, खाली बसा." ती इकडेतिकडे पाहू लागली. उर्दूत खाली म्हणजे रिकामे. तिला वाटले, सर दुसऱ्या रिकाम्या बाकावर बसायला सांगत आहेत! ती बाक सोडून मागे निघाली आणि वर्ग हसला. कोणी दुष्टपणाने हसले असे मी म्हणणार नाही. हसणाऱ्यांना कारणच ठाऊक नव्हते. पण ज्याच्यावर हसतात, त्याला हा फरक कुठला कळायला?

त्या मुलीने नंतर वर्गात तोंड उघडले नाही. काही दिवसांनी ती प्रयोगशाळेत येईनाशी झाली आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर कॉलेजातही आली नाही. बारावीला तिला माझ्यापेक्षा जास्त गुण होते. गणित तर ती बोटांवर सोडवायची. आज तिची मुलगी आमच्या शाळेत पाचवीत आहे. तिच्या गणिताच्या वहीत कुठे कुठे आईच्या हाताने करून दाखवलेले उदाहरण दिसते. सुंदर, स्वच्छ अक्षर. ते पाहिले की मला वाईट वाटते. वर्गात अपमान झाला म्हणून नव्हे. अपमान तर दोन दिवसांत सगळे विसरले होते. "सर, मला शब्द समजला नाही," हे एक वाक्य तिला म्हणता आले असते तर, असे राहून राहून वाटते.

मग मी कशी टिकले? त्यात माझे शौर्य काही नाही. प्रयोगशाळेत माझ्या शेजारी दाभाडीहून एस.टी.ने येणारी एक मुलगी उभी राहत असे. ती मराठी शाळेत शिकलेली. मला वाटायचे, हिला सगळे समजत असणार. एके दिवशी तिनेच माझ्या कानाशी येऊन विचारले, "अगं, हे फोटोसिंथेसिस म्हणजे आपले प्रकाशसंश्लेषणच का?" मी म्हटले, "प्रकाशसंश्लेषण म्हणजे काय?" ती माझ्याकडे बघतच राहिली. मग तिने वहीत पान काढले, वर सूर्य काढला, हवेतून आत जाणारा बाण काढला, मुळांतून वर चढणारे पाणी काढले. चित्र पाहताच मी ओरडले, "ही तर झियाई तालीफ!"

तुम्ही हा शब्द तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात वाचला आहे. झिया म्हणजे प्रकाश. तालीफ म्हणजे जुळवणे, एकत्र बांधणे. मराठीत प्रकाश आणि संश्लेषण. इंग्रजीत फोटो म्हणजे प्रकाश आणि सिंथेसिस म्हणजे जोडणी. तिन्ही भाषांच्या पंडितांनी वेगवेगळ्या ठिकाणी बसून शब्द घडवले, पण घडवताना एकाच पानाकडे पाहिले. पान सूर्याच्या प्रकाशात पाणी आणि कार्बन डायऑक्साइड यांपासून अन्न बनवते, हे मला सातवी-आठवीपासून ठाऊक होते. म्हणजे मला विज्ञान येत नव्हते असे नाही. मला त्याचे तिथले नाव ठाऊक नव्हते. आणि गंमत अशी की दाभाडीच्या मैत्रिणीलाही इंग्रजी नावाची माझ्याइतकीच भीती वाटत होती. तिला वाटे, ही शहरातली मुलगी, हिला इंग्रजी येत असणार!

त्या दिवसापासून आम्ही एक वही घातली. पानावर तीन रेघा मारून चार रकाने केले. पहिल्यात उर्दू शब्द, दुसऱ्यात मराठी, तिसऱ्यात इंग्रजी, चौथ्यात चित्र. खलिया, पेशी, सेल. तेजाब, आम्ल, ॲसिड. मुसल्लस, त्रिकोण, ट्रँगल. कशिश-ए-सिक्ल, गुरुत्वाकर्षण, ग्रॅव्हिटी. उर्दू शब्द मी उर्दू लिपीत लिही आणि खाली देवनागरीत उच्चार लिही. मैत्रीण त्या लिपीकडे नवलाने पाही. रोज पाच-सहा शब्द, त्याहून जास्त नाही. हे सगळे त्या दोन मोकळ्या तासांत. आता मोबाइलवर बोट ठेवले की अर्थ समोर येतो. ती सोय चांगलीच आहे, तिचा उपयोग करा. पण हाताने लिहिलेला शब्द जितका लक्षात राहतो तितका बोटाने शोधलेला राहत नाही, असे मला तरी वाटते.

दुसरी भीती कचेरीची. कॉलेजच्या कचेरीत शिष्यवृत्तीचा अर्ज घ्यायला गेले तर खिडकीतून एक छापील कागद मिळाला. वरपासून खालपर्यंत मराठी. मी तो घेऊन पायरीवर बसले आणि वाचू लागले. अर्ज. अर्जदाराचे नाव. दाखला. नक्कल. मुदत. तारीख. सही. शिक्का. मी पुन्हा वाचले. अहो, हे तर आमच्या घरातले शब्द! महाराष्ट्रात पूर्वी दरबारांचा आणि कचेऱ्यांचा कारभार बराच काळ फारसीत चालला. त्या काळात अरबी-फारसीतले शेकडो शब्द मराठीत आले आणि इथेच राहिले. हजेरी, परवानगी, शिफारस, जाहिरात, वकील, इमारत, कागद. तुम्ही मराठीचा धडा वाचताना असे शब्द पेन्सिलीने खुणावून पाहा. मात्र थोडे सावध राहा. काही शब्द पुलावरून येताना अर्थ बदलून आले आहेत. उर्दूत होशियार म्हटले की सावध. मराठीत हुशार म्हटले की बुद्धिमान. उर्दूतल्या गरज या शब्दात स्वार्थाचा वास येतो. मराठीत गरज म्हणजे साधी निकड.

तो अर्ज मी भरला. दोन वेळा "उद्या या" ऐकले, तिसऱ्या दिवशी तो घेतला गेला. मागांना शुक्रवारी सुट्टी आणि कॉलेजला रविवारी, त्यामुळे अब्बा माझ्याबरोबर कधीच येऊ शकत नव्हते. एका अर्थी ते बरेच झाले.

वर्षाच्या शेवटी निकाल लागला. गुणपत्रक इंग्रजीत होते. अब्बांना फक्त उर्दू वाचता येई. ते म्हणाले, "वाचून दाखव." मी एकेक विषय उर्दूत सांगत गेले. नबातियात, हैवानियात, कीमिया. प्रत्येक विषयापुढचे गुण सांगितले. त्यांनी कागदाची घडी केली, कपाटात कपड्यांखाली ठेवली आणि विचारले, "पुढच्या वर्षाची फी कधी भरायची?"

आता नोकरीविषयी. पुष्कळ मुलांना वाटते, आधी पदवी घेऊ, मग काय करायचे ते पाहू. मला हे पटत नाही. आमच्या ग्रंथालयात 'रोजगार समाचार' येत असे. हे साप्ताहिक हिंदीप्रमाणे उर्दूतही निघते, हे मला तिथल्या ग्रंथपालांनी सांगितले. आम्ही दोघी पहिल्या वर्षापासूनच जाहिराती वाचू लागलो. नोकरी मागायची म्हणून नव्हे. प्रत्येक जाहिरातीत आम्ही एवढेच पाहायचो: शिक्षण किती हवे, वय किती हवे, परीक्षेला विषय कोणते. तेव्हा मैत्रिणीला कळले की पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत मराठी व्याकरणावर प्रश्न असतात. तिला पोलीसच व्हायचे होते. ती मराठी शाळेतली, तरी समास आणि प्रयोग म्हटले की घाबरायची. मग आम्ही व्याकरणाचे पुस्तक घेऊन बसलो. मी परभाषा म्हणून शिकलेली, त्यामुळे मला नियम पाठ. तिची मातृभाषा, त्यामुळे तिला उदाहरणे तोंडपाठ. दोघींची जोडी छान जमली. ती दुसऱ्या प्रयत्नात भरती झाली.

मला शिक्षिका व्हायचे होते. बी.एड.साठी आधी पदवी लागते, खुल्या प्रवर्गाला पदवीत किमान ५० टक्के गुण लागतात आणि त्यानंतर प्रवेश परीक्षा द्यावी लागते, हे मला पहिल्याच वर्षी समजले, म्हणून हाताशी वेळ राहिला. माझ्या वेळी बी.एड. एका वर्षाचे होते. २०१५ पासून ते दोन वर्षांचे झाले. नियम असे बदलत असतात. तेव्हा दादांच्या किंवा बाजींच्या वेळी काय होते यावर विसंबू नका. त्या त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा. शेवटची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

बी.एड.ला सराव पाठ घ्यावे लागतात. माझा एक पाठ पुलापलीकडच्या एका मराठी शाळेत, सातवीच्या वर्गावर होता. विषय मी मुद्दाम निवडला. फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'प्रकाशसंश्लेषण' लिहिले, तसा मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, एवढा लांब शब्द!" मी खडूने शब्दाचे दोन तुकडे केले. मग फळ्याच्या कोपऱ्यात उजवीकडून डावीकडे उर्दूत तोच शब्द लिहिला आणि वाचून दाखवला. कोणी काही सांगायच्या आत सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "झियाई तालीफ!" मागे खुर्चीवर बसलेल्या परीक्षक बाईंनी मान वर केली. मी सूर्य काढायला सुरुवात केली.