पडद्याअलीकडचे पाणी

घरगुती आरओ यंत्रातला सर्वांत स्वस्त भाग म्हणजे बाहेरच्या भांड्यातली स्पन कँडल. पॉलिप्रॉपिलीनच्या धाग्यांची, दहा इंच लांब, हातात घेतली तर पेळूसारखी हलकी. बोईसरच्या एखाद्या घरात ती जूनच्या पहिल्या आठवड्यात पांढरीशुभ्र बसवावी आणि गणपतीच्या आधी काढावी, तर ती चहाच्या रंगाची झालेली असते. सुरीने आडवी कापली की आत कडी दिसतात. बाहेरचे कडे गडद तपकिरी, त्याच्या आतले विटकरी, मग फिकट पिवळे आणि मधल्या पोकळीलगत अजून पांढरे. पावसाळ्यात ओल चढलेल्या भिंतीवर एकामागे एक रेघा उमटत जातात, तशीच ही गाळाची चढण. पांढरे कडे शिल्लक असेल तर कँडलने आपले काम नीट केले. रंग पोकळीपर्यंत पोचला असेल तर गाळ पुढे गेला, आणि पुढच्या भागांचे दुखणे तिथूनच सुरू झाले.

कँडल येण्याआधी हे काम तुरटी करत असे, किंवा निवळीची बी. माठाच्या आतल्या अंगाला बी उगाळायची आणि पाणी रात्रभर न हलवता ठेवायचे. सकाळी गाळ तळाशी बसलेला असे, आणि वरचे पाणी चारपदरी फडक्यातून गाळून घेतले जाई. त्या रीतीत गाळ डोळ्यांना दिसत असे. यंत्रातही तो दिसावा म्हणून पहिले भांडे पारदर्शक असलेले बरे.

आरओचा बिघाड शोधायचा तो पाण्याच्या वाटेने: नळ, कँडल, सेडिमेंट आणि कार्बन फिल्टर, सोलेनॉइड व्हॉल्व्ह (मेकॅनिक त्याला एसव्ही म्हणतात), पंप, मेंब्रेन, टाकी, तोटी. ही वाट सोडून थेट महागड्या भागाकडे जाण्याची घाई बहुतेक अनावश्यक खर्चाचे मूळ असते. यंत्रातून पाणी कमी येते अशी तक्रार असेल तर आधी कँडलनंतरची नळी काढून तिचे तोंड लोट्यात सोडावे आणि नळ उघडावा. धार जोरात आली तर दोष पुढे आहे. धार बारीक असेल तर कँडल तुंबली आहे, किंवा गच्चीवरच्या टाकीचा दाबच कमी आहे. वरच्या मजल्यांवर टाकी आणि यंत्र यांत पुरती उंचीच नसते, तिथे यंत्रातला लो-प्रेशर स्विच पंप सुरूच होऊ देत नाही. लोक पंप बदलतात आणि नवा पंपही गप्प राहतो.

यंत्र अजिबात सुरू होत नसेल तर तीन जागा पाहायच्या. एक, अ‍ॅडॉप्टर. पंप बहुधा २४ व्होल्टवर चालतो, आणि अ‍ॅडॉप्टरवरचा दिवा लागला म्हणजे तो पंपाचा भार उचलेलच असे नाही. दोन, टाकीतला फ्लोट. शेवाळ किंवा क्षार धरून तो वरच अडकला की यंत्राला टाकी भरलेली वाटते. बोटाने खाली दाबताच पंप घरघरला तर निदान झाले. तीन, लो-प्रेशर स्विच, म्हणजे पुन्हा नळाचा दाब. पंप चालतो पण पाणी पुढे जात नाही, तेव्हा संशय एसव्हीवर. यंत्र बंद केल्यावरही वेस्टच्या (टाकाऊ पाण्याच्या) नळीतून पाणी गळतच राहते, तेव्हाही तोच. त्याच्या पडद्याखाली वाळूचा एखादा कण अडकला तरी तो पुरता मिटत नाही, आणि रात्रभर पाणी मोरीत जाते. गळती मात्र बहुतेक वेळा कात्रीची चूक असते. नळी तिरकी कापली की पुशफिटमधली रिंग तिला सर्व बाजूंनी धरत नाही. धारदार पात्याने काटकोनात कापून नळी आत टेकेपर्यंत दाबली की थेंब थांबतो.

मेंब्रेन म्हणजे या यंत्राचा खरा पडदा. भोके असलेल्या एका नळीभोवती कागदाच्या गुंडाळीसारखी ती वळलेली असते. तिच्या अंगावरचा पॉलिअमाइडचा थर मायक्रॉनच्याही काही अंशांइतका पातळ, आणि सगळे काम त्या थराचे. दोन पाण्यांमध्ये असा पडदा असला की पाणी आपणहून कमी क्षाराकडून जास्त क्षाराकडे ओढले जाते. ही ओढ उलटवायची तर दाब द्यावा लागतो. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात १९६० च्या सुमारास सिडनी लोब आणि भारतातून तिकडे गेलेले श्रीनिवास सौरिराजन यांनी सेल्युलोज अ‍ॅसिटेटचा असा पडदा तयार केला, ज्यातून पाणी कामापुरत्या वेगाने बाहेर येऊ लागले. १९६५ साली कॅलिफोर्नियातल्या कोअलिंगा या गावी त्यावर पहिला सार्वजनिक प्रकल्प चालला. कोअलिंगाच्या जमिनीतले पाणी मचूळ होते आणि एके काळी तिथे पिण्याचे पाणी रेल्वेने आणत.

मचूळ हा शब्द पालघरच्या किनाऱ्यावर वेगळा समजावून सांगावा लागत नाही. गोडे आणि खारे या दोन टोकांमधली ती चव. मचूळ पाण्यात डाळ शिजायला वेळ लागतो, चहा फिका वाटतो, साबणाला फेस येत नाही. केळवे, माहीम, सातपाटी, चिंचणी या पट्ट्यात एकाच वाडीतल्या दोन विहिरींपैकी एक गोडी आणि दुसरी मचूळ असू शकते. एकच विहीर ऑगस्टमध्ये गोडी आणि मे महिन्यात मचूळ होते. त्यामागचे कारण सुंदर आहे. वाळूच्या किनाऱ्यावर पावसाचे पाणी मुरते ते समुद्राच्या पाण्यात लगेच मिसळत नाही. गोडे पाणी हलके, खारे थोडे जड, म्हणून गोडे खाऱ्यावर तरंगते, जमिनीखाली, वाळूच्या कणाकणांत, भिंगाच्या आकारात. नेदरलँड्सचे घायबेन आणि जर्मनीचे हर्झबर्ग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी या तरंगण्याचा हिशेब मांडला. समुद्रपातळीच्या वर गोडे पाणी एक मीटर असेल, तर पातळीखाली त्याची खोली सुमारे चाळीस मीटर. ही ठेव मोठी, पण उलट्या बाजूने हिशेब कठोर आहे. वरची पातळी एक मीटर उतरली की खालून खारे पाणी कालांतराने चाळीस मीटर वर येऊ पाहते.

अर्नाळ्याचा किल्ला चारी बाजूंनी समुद्रात आहे आणि तरी आत गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. तिथे पडदा नाही, पंप नाही. आहे फक्त पाऊस आणि उपसण्याचा संयम. वसईच्या वाड्यांतली बावखले याच जाणिवेतून खोदली गेली. वाडीच्या कडेचे ते उथळ, चौकोनी तळे. पावसाळ्यात ते भरते, सावकाश जमिनीत झिरपते आणि गोड्या पाण्याचा थर वरून दाबून ठेवते. केळी आणि पानवेली त्यावर पोसल्या. काठावर रहाट असे. रहाट जितके पाणी काढी, तितके पुन्हा झिरपून येईपर्यंत बैलालाही विसावा मिळे. खाऱ्या पाण्याला वर चढायला सवडच राहत नसे. बोअरवेलच्या मोटरला थकवा नाही. ती एका जागी, खोलवरून, तासन्‌तास ओढते, आणि तिच्या पायाशी खारे पाणी शंकूसारखे वर उचलले जाते. पहिल्या वर्षी गोडे, तिसऱ्या वर्षी मचूळ, आणि मग बोअर आणखी खोल मारण्याचा सल्ला मिळतो. किनाऱ्यावर हा सल्ला हमखास चुकीचा, कारण खाली गेले की समुद्र अधिक जवळ येतो. बावखले मात्र बुजवली गेली. काहींवर इमारती उभ्या राहिल्या, आणि त्या इमारतींच्या प्रत्येक स्वयंपाकघरात भिंतीवर एक यंत्र आले. जे काम जमिनीवरचे एक तळे गावासाठी करत होते, ते आता घरोघरी विजेवर करावे लागते. पाण्याच्या इतिहासात इतकी खेदाची अदलाबदल क्वचितच झाली असेल.

विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, म्हणून किनाऱ्यालगतच्या घरात एप्रिल-मे महिन्यांत यंत्र मंदावले तर त्याला लगेच बिघाड म्हणू नये. पाण्यात दर लिटरला हजार मिलिग्रॅम क्षार असतील तर साधारण पाऊण बार दाब त्या क्षारांची ओढ मोडण्यातच जातो. तीन हजार झाले तर दोन बारांहून जास्त. घरगुती पंप चार-पाच बारांच्या आसपास काम करतो, त्यातला निम्मा असा गेला की धार अर्धी होणारच. यंत्रे साधारण दोन हजारांपर्यंतच्या पाण्यासाठी बनवलेली असतात. त्यापुढच्या पाण्याला नवी मेंब्रेन हा उपाय नाही, दुसरा स्रोत हवा. थंडीतही धार कमी होते, कारण गार पाणी दाट होते. एका अंशामागे सुमारे तीन टक्के घट धरावी. दिवसाला पाऊणशे गॅलनची मेंब्रेन पंचवीस अंशांच्या पाण्यात तासाला अकरा-बारा लिटर देते, त्यावरून आपल्या यंत्राचा हिशेब करावा.

चव बिघडली असेल तर टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचा) मीटर दोनदा बुडवावा, आधी नळाच्या पाण्यात, मग यंत्राच्या. नळाला ८०० आणि यंत्राला ४० ते ८० असेल तर मेंब्रेन निरोगी आहे. यंत्राचा आकडा १६० च्या वर गेला तर तिच्या टोकाची ओ-रिंग आधी पाहावी. ती चिरलेली किंवा दुमडलेली असेल तर कच्चे पाणी कडेने घुसते आणि दोष मेंब्रेनच्या माथी येतो. मेंब्रेनवर पांढरा, खरखरीत थर दिसला तर तो कठीण पाण्यातल्या कॅल्शियमचा. ती आतून खराब झाली आणि कार्बन फिल्टर वर्षानुवर्षे तोच असेल, तर क्लोरीनने पॉलिअमाइड खाल्ले. कार्बन मेंब्रेनच्या आधी बसवतात तो मुख्यत्वे हे टाळण्यासाठी. वेस्ट एकदम वाढले किंवा थांबले, तर फ्लो रिस्ट्रिक्टर पाहावा. वेस्टच्या वाटेवरची ही बारीक चिमटी मेंब्रेनवर दाब टिकवते.

पाणी फिके लागते म्हणून टीडीएस कंट्रोलरचा स्क्रू फिरवून घेण्याची पद्धत सर्वत्र आहे. त्या स्क्रूने मेंब्रेनला वळसा घालून थोडे कच्चे पाणी गोड्या पाण्यात मिसळते. नदीच्या पाण्यात याने फारसे बिघडत नाही. तारापूर औद्योगिक वसाहतीच्या आसपासच्या विहीर-बोअरच्या पाण्यासाठी मात्र हा स्क्रू बंदच असावा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर देशातल्या सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांच्या अग्रभागी होते. खाड्यांतली मासळी आणि किनाऱ्याचे पाणी यांच्या दुर्दशेविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादात गेली. टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती सहज जाते एवढेच मोजतो. त्याला जंतू कळत नाहीत, मीठ आणि विषारी धातू यांतला फरक कळत नाही, आणि वीज न वाहणारे द्रावक तर त्याला दिसतच नाहीत. असे लहान रेणू काही प्रमाणात मेंब्रेनमधूनही पार होतात. मीटरवर ५० हा आकडा पाहून निर्धास्त होणे म्हणजे ताप नाही म्हणून आजार नाही असे धरण्यासारखे आहे. विहिरीला रंग किंवा वास असेल तर नमुना प्रयोगशाळेत द्यावा, आणि अहवाल येईपर्यंत ते पाणी कोणत्याही यंत्रातून पिऊ नये.

याच भागात उलट चूकही तितकीच होते. सूर्या नदीवरच्या धामणी धरणाचे पाणी ज्यांच्या नळाला येते, त्यांच्याकडे क्षार सहसा भारतीय मानकाच्या ५०० मिलिग्रॅमच्या बरेच खाली असतात. सह्याद्रीचा पाऊस काळ्या कातळावरून वाहत आलेला, मुळातच मृदू. अशा पाण्याला गाळणे आणि जंतू मारणे पुरेसे असते, म्हणजे कँडल, कार्बन आणि यूव्ही. ५०० च्या आतल्या पाण्यावर आरओ वापरू नये, असा निर्देश हरित लवादाने २०१९ च्या मे महिन्यात दिला होता. एक लिटर शुद्ध पाण्यामागे घरगुती यंत्र दोन-तीन लिटर वेस्टमध्ये सोडते. धरणातून नळापर्यंत आलेले गोडे पाणी असे मोरीत सोडणे हा यंत्राचा बिघाड नसला तरी निवडीचा दोष नक्की आहे.

जिथे आरओ लागतेच, तिथे वेस्टच्या नळीखाली बादली ठेवावी. त्या पाण्याने लादी पुसावी, मोरी धुवावी. मचूळ बोअरचे वेस्ट झाडांना मात्र घालू नये. कुंडीतली माती दर दिवशी थोडे मीठ साठवते आणि तुळशीची पाने कडेने करपतात.

नवी कँडल बसवताना भांड्याच्या गळ्यातली रबरी रिंग पुसून जागेवर बसवावी. हाताने आवळल्यानंतर पान्याचा पाव वेढा पुरे, त्याहून जास्त आवळले की भांड्याला तडा जातो. मेंब्रेन बदलल्यावर पहिली पूर्ण टाकी ओतून द्यावी, कारण नव्या मेंब्रेनवर टिकवणीचे द्रव्य असते. मग मीटर दोनदा बुडवून दोन्ही आकडे आणि तारीख पक्क्या शाईने भांड्यावरच लिहावी. पुढचे आकडे याच्याशी ताडून पाहायचे असतात.